तिसरी वेळ

माद्रिदच्या पश्चिमेला, ओक आणि खडकांच्या उतारावर
एक पांढरी परात आभाळाकडे तोंड करून बसते.
रात्रपाळीला रेमेदियोस आर्गांदा.
थर्मासमधली कॉफी, गुडघ्यांवर शाल,
समोर सहा पडदे.
एकावरही तारा दिसत नाही.

गावाला वाटतं, ती ग्रह बघते.
बेकरीतली बाई दर शनिवारी विचारते,
"काय, भेटलं का कुणी?"
रेमेदियोस म्हणते, "दोन पाव द्या. एक जरा कडक."

दुर्बीण पंधरा लाख किलोमीटर लांब,
सूर्याकडे पाठ करून,
स्वतःच्याच छत्रीच्या सावलीत गारठलेली.
तिनं पाहिलेलं सगळं आकडे होऊन येतं
पाच सेकंदांच्या वाटेनं,
अंधारात कुणी ओंजळीत दाणे मोजून घालावेत तसं.

एक तारा आहे. नाव नाही, सात आकडी नंबर आहे.
त्याचा उजेड फेब्रुवारीत एकदा
किंचित मळला.
दहा हजार दिव्यांतला एक विझावा, इतकाच.
अकरा तास. मग पुन्हा लख्ख.
दोनशे अकरा दिवसांनी, सप्टेंबरात,
पुन्हा तेवढाच, तितकाच वेळ.
"दोनदा म्हणजे योगायोगही असेल,"
लायडनहून मारित म्हणाली,
"तिसऱ्यांदा आला, तर वहीत घेऊ."

उजेडाच्या गालावरची तीट.
रेमेदियोसला हा शब्द माहीत नाही.
तिला आठवला काळा मणी,
धाकट्या एलादियोच्या दुपट्याला आईनं टाचलेला,
नजर लागू नये म्हणून.
इथे सगळंच उलटं:
ठिपका आहे, म्हणून तर इतक्या नजरा.

एलादियो आता मेंढ्या राखतो.
मोजत नाही कधी.
संध्याकाळी फाटकाशी डोळे मिटून उभा राहतो,
नव्वद घंटांचा कालवा अंगावरून जाऊ देतो
आणि म्हणतो, "एक कमी आहे."
कुठली?
"जी वाजली नाही ती."
आपलं काम काय, असं कुणी विचारलं
तर रेमेदियोस हीच गोष्ट सांगते,
आणि विचारणाऱ्याला वाटतं, हिनं विषय बदलला.

एप्रिल. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली: पहाटे तीन बारा.
आठ दिवस आधीपासून तिला वेध लागलेले,
ग्रहणाचे लागतात तसे, जेवणही धड नाही.
आणि नेमका त्याच रात्री वारा सुटला.
डोंगरावरून असा आला की खिडक्या दात खाऊ लागल्या.
नियम म्हणजे नियम:
परात सरळ वर तोंड करून जखडून ठेवली.
तिकडे दुर्बीण पाहत राहिली, पोटात साठवत राहिली.
इकडे रेमेदियोस कॉफीचं झाकण
उघडत राहिली, लावत राहिली.

दुसऱ्या रात्री सगळं एकदम आलं.
मारित फोनवर वाचत होती.
तीन बारा. सपाट.
चार. सपाट.
सहा. सपाट गं.
मग बराच वेळ नुसता तिचा श्वास,
आणि मागे लायडनमध्ये कुणाची तरी सायकल
भिंतीला टेकल्याचा आवाज.
नऊ वीस...
नऊ वीसला उजेड जरासा खचला.

"उशीर," ती पुटपुटली, मग एकदम ओरडली,
"सहा तास उशीर! रेमे, म्हणजे तिथे आणखी कुणीतरी आहे.
याला वाटेत ओढून धरणारं.
आपल्या समोरून कधीच न जाणारं."

रेमेदियोस काही बोलली नाही.
दिवसभर झोपही लागली नाही.

त्या संध्याकाळी कळप दोन तास उशिरा आला.
ती फाटकाशी गेली, डोळे मिटून उभी राहिली.
नव्वद घंटा.
एकही कमी नव्हती.
सगळ्यांत मागून एलादियो,
आणि त्याच्या जॅकेटच्या आत काहीतरी
ओलं, थरथरतं,
अजून घंटा नसलेलं.