दुसऱ्या दिवसाची शाळा

शाळेत सण कधी येतच नाही.
सणाला सुट्टी असते.
शाळेत येतो तो सणाचा दुसरा दिवस,
झोप न झालेला,
कानामागं गुलाल राहिलेला.

उत्तरेश्वर पेठेतली महापालिकेची शाळा,
चौथी ब, पट एकतीस.
बावीस वर्षं हजेरी घेते मी,
आणि हातांवरून, डब्यांवरून, जांभयांवरून ओळखते
काल कुणाकडं काय झालं.

जोतिबाची यात्रा झाली की
मल्लू तोडकरच्या वहीतून गुलाल सांडतो
भागाकाराच्या बाकीवर.
उत्तर चुकलेलं असतं,
पण त्या दिवशी लाल पेन चालवून उपयोग नसतो.
मोहरमनंतर डब्यात चोंगे,
आणणारी पोरं पाटलांची, कोष्ट्यांची.
"पंजा आमच्याच तालमीत बसतोय, बाई,"
हे छाती काढून.
नाताळात एस्तेर सातपुतेच्या दप्तराला लागलेली चमकी
जूनपर्यंत निघत नाही.
पर्युषणात अक्काताई
बटाटा घालायच्या आधीच वाटीभर खिचडी बाजूला काढतात
सन्मती उपाध्येसाठी.
त्यांना मी सांगितलं नव्हतं. पोरांनी सांगितलं.

बुद्धपौर्णिमा तेवढी मे महिन्यात.
शाळेला कुलूप.
सिद्धांत कांबळेच्या घरची खीर
मी फक्त ऐकलेली आहे.

वरून कागद आला:
शाळेत साजरे केलेले विविध धर्मांचे सण,
संख्या, दिनांक, छायाचित्र जोडावे.
गुरव सर म्हणाले, बाई, तुमचं अक्षर बरं आहे.
मी रकाने आखले
आणि बसून राहिले.
दुसऱ्या दिवसाला रकाना नव्हता.

त्या वर्षी चंद्र चुकला.
चंद्र कसला चुकतोय, छापील यादी चुकली.
मी रंगीत खडूनं फळ्यावर लिहून गेले होते,
'उद्या रमजान ईद',
शेजारी कोर, जरा जाडच झालेली.
सुट्टी झाली. कोर काही दिसली नाही.
ईद आली ती भर शाळेच्या दिवशी,
फळ्यावर अजून 'उद्या' असताना.

साडेदहाला तहसीन शिकलगार दारात.
हिरवा शरारा, मागं थोरला भाऊ,
त्याच्या हातात दुधाची किटली.
"अम्मी म्हटली, शाळा हाय तर जायचं.
खाडा नको."
एकतीस गणवेशांतला एक हिरवा.
ती सरळ फळ्याकडं गेली,
मेंदीच्या तळव्यानं 'उद्या' पुसलं
आणि 'आज' लिहिलं.
'ज' चा काना जरा लांब गेला.

वाट्या कमी पडल्या, खिचडीची ताटं आली.
सन्मतीनं एवढंच विचारलं,
"कंदमूळ न्हाई न्हवं ह्यात?"
तहसीननं बोटं मोडली: दूध, शेवया, खारीक, चारोळी.
मग तो बसला.
एस्तेरच्या घरी उपासाचे चाळीस दिवस चाललेले,
आई गोडाला शिवत नाही.
"माझं वय बसत न्हाई त्यात," म्हणाली,
आणि ताट दुसऱ्यांदा पुढं केलं.

गुरव सर मोबाईल घेऊन आले.
ओळीत उभं राहा म्हणाले.
कोण उभं राहतंय?
फोटोत आली ती नुसती डोकी,
तेल लावलेली, ताटात वाकलेली,
आणि एका कोपऱ्यात पुसट कोर.
कोण कुणाचं, काही कळत नाही.
सर म्हणाले, हा पाठवता यायचा नाही.
मी म्हटलं, राहू द्या माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या नेहमीच्या दिवशी,
वर्गात आले.
फळा कुणी पुसला नव्हता.
खाली बारीक अक्षरात,
काळ्या पाटीवर पांढऱ्या खडूनं,
सिद्धांतचं अक्षर मी झोपेतही ओळखीन:

'मे महिन्यात खीर.
शाळा उघडाल काय?'

किल्ली गुरव सरांकडं असते.
विचारलं.
बघतो म्हणाले.