चार बोटं

सकाळी सहाले मी चुना कालवला.
डिसेंबर. बादलीतलं पाणी हाताले चावत होतं,
अन् पूर्वेकडच्या गोलले धुकं अजून सोडत नव्हतं.
सुतळी ताणली, खुंट्या ठोकल्या.
डाव्या खांबापाशी खुंटी शिरेचना.
खाली दगड. काळा, मैदानाच्याही आधीचा.
मी खुंटी जरा मागे घेतली,
जाळीच्या बाजूनं. चार बोटं. फार तर पाच.
रेघ तिथं पोटुशी झाली.
कोणाले दिसते?
पण मारणाऱ्याले आपली रेघ माहीत असते.

दुपारी तीनले आंतर-कॉलेजची फायनल.
कामठीवाले दोन मेटॅडोर भरून आले,
ताशा, शिट्ट्या, गोणीभर संत्री.
सिव्हिल लाईन्सवाले आपापल्या गाड्यांवर.
अर्ध्या तासात दोन गोल, दोन्ही सिव्हिल लाईन्सचे,
अन् ताशा असा गप्प झाला
की मले रेल्वेचं शंटिंग ऐकू आलं मोतीबागेतलं.

हाफ टाईमले कामठीचा कोच काहीच बोलला नाही.
पोरांचे बूट बघत फिरला,
एकाची लेस सोडून पुन्हा बांधून दिली, घट्ट.

मग एक गोल आला. मग कॉर्नरवरून दुसरा,
कोणाच्या डोक्याचा होता हे त्या डोक्यालेही कळलं नाही.
दोन-दोन.
चौऱ्याऐंशीव्या मिनिटाले पेनल्टी. तीन-दोन.
संत्र्याची साल उडून माझ्या टोपीवर पडली,
मी ती काढली नाही.

घड्याळात उरलं नव्हतं काही.
जुबेर अन्सारी, पॉवरलूमवाल्याचा पोरगा,
बहिणीनं दोन्हीकडून मारून दिलेली दहा नंबरची जर्सी,
त्यानं तीस पावलांवरून लाथ घातली.
चेंडू आडव्या दांड्यावर, तिथून खाली,
डाव्या खांबाकडे घरंगळत,
अन् तन्मय उईके, त्यांचा गोली,
आख्खा लांब होऊन पडला, तळहात चेंडूवर.

सगळं मैदान उभं.
पिल्लेवान सर धावत आले, गुडघ्यावर बसले,
एक गाल मातीले टेकवला.
चेंडूच्या पोटाले चुना लागलेला होता.
त्यांनी मान हलवली.
नाही.

रेघेवर होता चेंडू. खोटं नाही ते.
रेघच चुकीच्या जागी होती.

कप दिला, फोटो झाले, मेटॅडोर भरल्या.
जुबेर तिथंच, जाळीले पाठ लावून.
मी साली झाडत त्याच्यापर्यंत आलो.
त्यानं खांबापासून रेघेवर बोट फिरवलं, हळू,
शिवण तपासावी तसं.
“काका, लाईन सीधी है ना?”
मी झाडू थांबवला नाही.
“हो बाबू. सीधीच.”

पहिल्या हाफमधे तोच गोल कामठीचा होता.
तिथंही एक चेंडू अडला होता, त्याच खांबापाशी,
म्हणजे फिट्टमफाट, असं मी सांगतो स्वतःले,
रात्री, चहाचा कप धुताना.
तो चेंडू हातभर अलीकडे होता.

दुसऱ्या दिवशी सब्बल घेऊन गेलो.
दुपारपर्यंत खणलं. दगडाले कड सापडेना,
तो खांबाखालून जाळीकडे गेलेला, जाळीच्याही पुढं,
कोणाले माहीत कुठवर.
खड्डा बुजवला. पाणी मारलं. पायानं दाबला.

आता तिथं सुतळी लावत नाही मी.
ब्रश घेतो, उकिडवा बसतो,
खांबापासून हातभर रेघ
श्वास धरून मारतो.

मागच्या जानेवारीत जुबेर आला होता,
बारा-तेरा वर्षांची पोरं घेऊन, गळ्यात शिटी.
टॉसच्या आधी डाव्या खांबापाशी गेला,
वाकला,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
मग माझ्याकडे.

मी बादली उचलली
अन् सेंटरलाईनकडे निघालो,
तिकडलं काम उरलं होतं.