उगवण

जांभळी नाक्याला टिपणिसांचं बियाण्याचं दुकान होतं,
लांबीला दोन पावलं, रुंदीला मी.
लढाईचं चौथं वर्ष. कागद मिळत नव्हता,
म्हणून पुड्या मी हाताला लागेल त्याच्या करायचो:
जुनी पंचांगं, लग्नपत्रिका, नापास पोरांच्या वह्या.
पडवळाच्या बिया भूगोलात बांधल्या,
मुळा गेला एका एकादशीतून.

फ्लॉवर, कोबी, बीट बोटीने यायचे.
बोटी थांबल्या.
मागे राहिला एक डबा, वर लालबुंद बीट काढलेलं,
आत काही नाही. तो मी रोज पुसायचो.
कलेक्टरच्या बंगल्यावरचा माळी दर साली फ्लॉक्स मागायचा,
त्या साली मान खाली घालून म्हणाला, माठ द्या.

सुट्टे पैसेही नाहीसे झालेले.
टिपणीस दोन पैशांच्या बदली चिमूटभर माठ द्यायचे.
गिऱ्हाईक कुरकुरत पुडी कनवटीला लावायचं,
आणि श्रावणात बघावं तर
कुणी काही पेरलं नव्हतं तिथे तिथे माठ:
पन्हळीत, फुटक्या बादलीत, टांग्यांच्या थांब्यामागे.
शाळेपुढे बॉम्बसाठी खणलेल्या खंदकावर
दुधीचा वेल चढला.
भोंग्याची तालीम झाली की आत बसलेल्या पोरांच्या
डोक्याला दुधी लागायचे.

टिपणिसांची एक वही होती. नाव, बी, वजन,
शेवटचा रकाना: उगवण.
आठ दिवसांनी गिऱ्हाइकाला विचारून भरायचा.
खोटं बी विकलं असं कुणी म्हणू नये,
एवढंच.

महागिरीची हलिमाबी आली. नवरा बोटीवर खलाशी,
होळीपासून पत्र नाही.
अर्धा शेर वाल द्या, म्हणाली, लावायचेत.
तिची खोली मी पाहिली होती.
मिरचीचं रोप ठेवायला जागा नव्हती तिथे.
टिपणिसांनी वाल तोलले.
कायस्थ माणूस; बियाणं राखायचं म्हणून
दोन वर्षं घरात बिरडं नव्हतं.
पारडं तिच्या बाजूला जरा जास्तच झुकू दिलं,
मग म्हणाले, राखेत घोळलेत हो.
तीन पाण्यांनी धुवा.

पेरायचं बी कोण धुतं?
मी विचारणारच होतो.
त्यांनी मला डबा पुसायला लावला.

आठ दिवसांनी ती पुडी परत घेऊन आली.
न फाटलेली पुडी आणली की चिमूटभर माठ मिळायचा.
पायरीवर तिची चार पोरं.
टिपणिसांनी वही उघडली. किती उगवले?
ती पायरीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, ओल्या फडक्यात बांधले होते.
सगळ्यांना मोड आले.

सगळ्यांना, टिपणीस म्हणाले, आणि टाक झटकून
लिहिलं: शंभरात शंभर.
अख्ख्या वहीत तेवढी एकच नोंद तशी.

बाहेर कुणीतरी सुट्ट्यांवरून भांडायला लागलं.
मी ती पुडी मांडीवर सरळ केली,
तिच्यात मुळा बांधला.