कवळीची पाठ

फेलिस्मिना तोंड उघडत नव्हती.
नवरा गेल्यापासून अकरा वर्षं
तिने कवळी कुणापुढे काढली नव्हती,
रात्रीसुद्धा नाही. ‘दात नसलेली बाई
स्वप्नातही कुणाला दिसू नये,’ म्हणाली,
आणि शेवटी पालथ्या हाताआड
ती गुलाबी वस्तू माझ्या तबकात ठेवली,
ओली, कोमट,
नुकती उबवलेली.

टाळू लाल. कवळीच्याच मापाचा लाल,
कुणी साचा धरून रंगवल्यासारखा.
पोर्तोच्या दवाखान्यात नोव्हेंबर होता,
खिडकीतून नदी दिसत नव्हती, धुकं दिसत होतं.
कापसाचा बोळा फिरवला. ती विव्हळली नाही.
चाळीस वर्षं भट्टीपुढे उभी राहिलेली बाई
भाजण्याला नावं ठेवत नाही.
‘सूप गिळताना लागतं,’ एवढंच.

दोन दिवसांनी बशीत दोन रंग उगवले,
हिरवे ठिपके आणि फिकट जांभळे.
अल्बिकन्स. ग्लाब्राटा.
मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते.

थोरली धागे काढते. गोल पेशीतून एक लांबट बोट,
त्या बोटातून आणखी एक,
चाचपडत टाळूच्या कातडीत शिरणारं.
धाकटीला ते जमत नाही.
ती जन्मभर गोलच,
एकटी असती तर प्लास्टिकवर नुसती बसून राहिली असती.
पण थोरलीच्या धाग्याला ती लगडते
आणि जिथे स्वतः कधी पोचली नसती
तिथे आत जाते.
बदल्यात काय देते, ते मला नीट सांगता येत नाही.
डॉक्टर व्हालाडारेश सांगतात, पण दर वर्षी वेगळं.
औषध पडलं की थोरली आधी खचते,
धाकटी तग धरते, जागा अडवते.
आयत्या बिळावर नागोबा म्हणावं,
तर बीळ खणणारीही काही गरीब नव्हती.
आणि दोघींवर ते एकच चिकट पांघरूण,
कुणी किती विणलं
कोण सांगणार.

रिपोर्ट घ्यायला ती आली तेव्हा
फडक्यात गुंडाळलेली ब्रोआ होती हातात,
मक्याची, तडकलेल्या पाठीची.
स्वतः खात नव्हती आता. करत होती.
मी पडद्यावर धाकटी दाखवली.
तिने चष्मा कपाळावर सरकवला, जवळ आली.
‘ही तर माझी.’
म्हटलं, नाही हो, ही तुमच्या तोंडातली.
‘तेच ते. पिठातली.
शाळेत मास्तरांनी एकदा भिंगाखाली दाखवली होती,
अशीच गोल, कुशीला पिल्लू घेऊन.’

मी नाही म्हणणार होते
आणि थांबले.
वंशावळीत धाकटी थोरलीची बहीण नाहीच मुळी.
ती भाकरीच्या खमिराच्या भावकीतली,
थोरलीशी नातं फार लांबचं.
मी सोयीसाठी बहिणी केल्या होत्या.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती,
तिने उभ्याउभ्या ओळखलं.

पीठ मळून झालं की ती बोटाने त्यावर क्रूस काढायची
आणि म्हणायची, देव तुला वाढवो.
पहाटे तीनला, रोज, परातीवर वाकून.
‘पत्ता चुकला त्याचा,’ ती म्हणाली
आणि हसली,
हात तोंडाशी न नेता.

औषध बदलून दिलं. बजावलं:
कवळीची पाठ घासायची, दर्शनी बाजूपेक्षा जास्त.
रात्री पेल्यात ठेवायची.
‘रात्री दार वाजलं तर?’
कोण येणार आहे?
‘कुणी नाही. तरी.’

ब्रोआ मी बसमध्ये तोडली.
आत भोकंच भोकं, लहानमोठी,
कुणीतरी राहून गेल्यासारखी.
कवच फार कठीण होतं.
माझे सगळे दात माझेच आहेत,
तरी टाळूला लागलं.