वल्ह्याला कान

वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्याला लागून
दवाखान्याची एक खोली. खिडक्यांना काळा कागद.
सहा महिन्यांच्या बोलीवर आलेलं यंत्र
आणि यंत्राबरोबर आलेली मी.

लवू गिरकरांनी स्टुलावर पाय ठेवला.
साखरेने पोखरलेला, उजवा. अंगठा शाईसारखा.
मी दिलेला हिरवा चष्मा त्यांनी आधी उलटा लावला, मग सुलटा.
म्हणाले, "आता माका खाडी दिसाक लागली."

सही घेण्याआधी समजावून सांगायचं असतं.
म्हटलं, काका, उजेडाचा ठिपका आत जाईल,
पापणी लवते त्याच्या कोटीव्या भागापुरता.
रक्त तो पिईल, कणभर तापेल,
कणभर फुगेल,
आणि फुगताना हाक देईल.
ती हाक आम्ही ऐकतो. तिचं चित्र काढतो.

बराच वेळ गप्प. मग,
"उजेड आत जाता नि आवाज भायर येता?"
"हो."
"मगे मधी पाणी व्हया. वाऱ्यात आवाज मरता."

हे मला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं,
फळ्यावर, समीकरणासकट.
पाण्याची पिशवी पावलावर ठेवता ठेवता
माझा हात तिथेच थांबला.

ते सांगत राहिले. इंजिनं नव्हती तेव्हाचं.
काळोखात होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं धरायचं
आणि दांड्याला कान लावायचा.
खाली ढोमे बोलतात, गंजक्या बिजागरीसारखे.
घोळीचा आवाज वेगळा.
किती वाव खाली, कुठल्या अंगाला,
बापाला सगळं कळायचं. "माका अर्धा."

टक् टक् टक्. यंत्र सुरू झालं.
आधी बोलली कातडी.
साठ वर्षांचं ऊन पिऊन बसलेली ती
सगळ्यांच्या वर आवाज चढवते,
आणि दूरच्या गोऱ्या पायांवर बेतलेलं यंत्र
तिच्यापुढे बावचळतं.
मी आकडे बदलले. पुन्हा बदलले.
"वयल्या लाटेक फसा नको," ते म्हणाले,
मला की यंत्राला, कुणास ठाऊक.

मग हळूहळू घोट्याखालून
भरतीला खाजणात पाणी शिरावं तशा शिरा.
एका रंगाला ताजं रक्त ओ देत होतं,
दुसऱ्या रंगाला थकलेलं.
टाच बोलली. तळवा बोलला. करंगळीसुद्धा.
दुसरं बोट पुटपुटल्यासारखं.
अंगठ्यापाशी पडदा नुसता काळा.

अशा वेळेसाठी एक मऊ वाक्य
आम्हाला पाठ करून घेतलेलं असतं.
मी तोंड उघडलं.
त्यांनी पडद्याकडे बोट केलं.
"थंय मासो नाय."

नाबर डॉक्टरांनी पेनाने रेघ मारली:
अंगठा आणि शेजारचं बोट. पाऊल राहिलं.
शेवग्याच्या शेंगा घेऊन त्यांची सून आली होती,
तिने विचारलं, यंत्र परत कधी जाणार?
मी म्हटलं, मार्चात.
ती म्हणाली, माझ्या आईच्या छातीत गाठ आहे.
तारखांचं रजिस्टर भरलेलं होतं.
मी समासात नाव लिहिलं.

रविवारी धक्क्याजवळ, कमरेइतक्या पाण्यात
मी त्यांचं वल्हं धरून उभी.
ते वर खुर्चीत, पायाला बँडेज.
लाकडाला कान लावला.
पहिल्यांदा ऐकू आलं ते माझंच रक्त.
मग वाळू, की कोलंबी, की काहीच नाही.

"आयकलंस?"
"नाही."
"उद्या ये गो. आज वारो आसा."