साठ-पंचावन्न

नाना पेठेत मेहबूब शिकलगारनं
माझ्या वॅगनआरचं बॉनेट उघडलं
आणि वाकून बघितलं
दातांचे डॉक्टर बघतात तसं, आधीच नाराज.

'बल्ब चांगलाय मॅडम.
काच पिवळी पडलीय, घासून देतो.
वायर बारीक आहे, रिले टाकतो.
साठ-पंचावन्न पुरतो.'

मला पुरत नव्हता.
रक्तपेढीतली पाळी सुटते सव्वाला.
मग कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट,
पलीकडे उतरून सासवड.
तिसऱ्या वळणावर माझा उजेड रस्त्यावर पडायचा
कंजूष घरातल्या भातावर तूप पडतं तेवढाच.

मी म्हटलं, एलईडीच घाला.
पार्किंगमधल्या सगळ्यांच्या पांढऱ्या झाल्या,
माझीच तेवढी समईवर चालते.

तो म्हणाला, 'तुमचा रिफ्लेक्टर तारेसाठी घडवलाय.
तार जिथं जळते, तिथून त्यानं माप धरलंय.
हा उजेड सांडणार.'
सांडू दे, म्हटलं.
सांडून सांडून माझ्याच रस्त्यावर सांडेल ना?

यावर तो काही बोलला नाही.
काढलेले दोन्ही बल्ब त्यानं पितळेला धरून
कागदात गुंडाळले, काचेला बोट न लावता.
'बोटाचं तेल लागलं की तिथंच तडकतो.'
नव्यांच्या पाठीला एवढुसा पंखा,
कान लावला तर गुणगुणणारा.
बावीसशे रुपये. गॅरंटी तोंडी.

त्या रात्री घाट मला पहिल्यांदा दिसला.
कठड्यावरचा सोललेला चुना,
खड्डा, खड्ड्याच्या आतला खड्डा,
वर फांदीत अडकलेली निळी पिशवी.
पिशवी का दिसतेय, हे मला सुचलं नाही.
समोरचे डिपर देत गेले, एक, दोन, पाच.
मला वाटलं, पुढे पोलीस असतील.

वळणावर एक लुना होती.
दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या.
ती थांबली. म्हणजे त्यानं पाय टेकले,
मान फिरवली,
आणि पंजा डोळ्यांपुढे धरला.

इतका स्वच्छ हात मी टेबलावरही पाहिलेला नाही.
मनगटापासून वर गेलेली ठसठशीत शीर,
एका टोचण्यात मिळेल अशी.
अंगठ्याच्या नखाखाली काळं.
स्वेटरची बाही उसवलेली.
मी सगळं वाचत होते
आणि तो दरीच्या बाजूला होता.

दिवे बंद केले.
आधी काहीच नाही. मग पंख्याची गुणगुण,
किटलीच्या कडीचा आवाज,
खूप खाली कात्रजकडचे ठिपके.
'कोन हाय?' तो म्हणाला.
मी म्हटलं, 'मी.'
याहून बरं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.
'लाव आता,' तो म्हणाला, 'पर दमानं.'
आणि लुना ढकलत, अंदाजानं, माझ्या काचेजवळून गेला.
दुधाचा वास आला. चेहरा नाही.

रविवारी मेहबूबनं विचारलं नाही.
खणातून कागदाची पुडी काढली.
नाव घालून ठेवली होती: वॅगनआर, सासवड.
मग पॉलिश पेपर, पाणी, पुन्हा पेपर.
पिवळं पाणी बंपरवरून ओघळलं.
रिले बसवला, जाडी वायर ओढली,
समोरच्या शटरवर खडूनं रेघ मारली
आणि उजेड त्या रेघेखाली येईपर्यंत स्क्रू पिळला.
'आता बघा,' म्हणाला.
बरंच दिसत होतं.
पांढऱ्याएवढं नाही. खोटं कशाला बोलू?

ती पांढरी जोडी डिकीत आहे, स्टेपनीखाली.
भाचा मागतो. देत नाही.

आता घाटात चाळीसच्या वर जात नाही.
समोरून कुणी आलं की डिपर खाली,
तरी लुना दिसली की आधी हात बघते.
तो एखाद्या शिबिरात रक्त द्यायला आला
आणि बाही वर केली,
तर मी त्याला ओळखीन.
नाव विचारीन, वजन विचारीन,
शेवटचं जेवण किती वाजता, विचारीन.
तो माझ्याकडे बघून सांगेल
आणि त्याला काहीच आठवणार नाही.