चिमूटभर पिवळं

आमच्याकडे झेंडू खातात.
सप्टेंबरात खुडायचा, पोटमाळ्यावर सावलीत वाळवायचा,
कुटायचा, आणि अक्रोडाच्या वाटणात एक चिमूट.
तेवढ्यानं कोंबडीच्या रश्शावर ऊन पडतं.

त्सोत्ने चार वर्षांचा.
त्याच्या रक्ताचा आकडा आला तेव्हा
मी यंत्र पुन्हा शून्यावर आणलं, नमुना पुन्हा घातला.
आकडा तोच.
त्याची आई एतेर दारातच म्हणाली,
घर नवं आहे, भिंतींचा रंग नवा आहे,
पाणी आम्ही उकळून पितो.
उकळून शिसं जात नाही,
हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

आम्ही घर चाळलं.
खिडक्यांच्या चौकटी, उंबऱ्यातली धूळ, नळाची तोटी,
लाल ट्रक, ज्याची चाकं तो चोखत बसायचा,
आणि दाराआड टांगलेलं आजोबांचं जाळं,
काठाला ओवलेले शिशाचे मणी.
सापडलं, असं वाटलं मला. घाईनं वाटलं.
पण शिशालाही गोत्र असतं.
कुठल्या खाणीतलं, किती कोटी वर्षांमागचं,
ते त्याच्या अणूंच्या वजनांत नोंदलेलं असतं,
कितीही वितळवा, पुसलं जात नाही.
मण्यांचं गोत्र मुलाच्या रक्ताशी जुळेना.

एतेरनं आम्हाला जेवायला बसवलं.
दारी आलेल्याला उपाशी पाठवणं
तिच्या हातून होण्यातलं नव्हतं.
तिनं बरणी उघडली, चिमूट घेतली,
आणि मी घास हातात तसाच धरून
बरणीकडे बघत राहिले.
वाळलेली कुठलीच गोष्ट
इतकी पिवळी राहत नाही.

गोत्र जुळलं.

बातुमीच्या बाजारात, मासळीच्या ओळीमागे, लामझिराचं टेबल.
काचेच्या पेल्यानं मापून देते.
एकतीस वर्षं विकतेय, ती म्हणाली, कोण मेलं?
कोणी नाही, मी म्हटलं.
हेच तर सांगणं अवघड होतं:
कोणी मरत नाही.
एक मूल अक्षरं जरा उशिरा ओळखतं,
जरा लवकर चिडतं,
आणि सगळे म्हणतात, बापावर गेलाय.

घाऊक पोतं आलं की ती बोट ओलं करून
आत बुडवायची, जिभेला लावायची.
प्रत्येक पोतं. एकतीस वर्षं.
तिचं रक्त आमच्या यादीत सगळ्यांत वर आलं.
हाडांत? तिनं विचारलं.
हो. हाडांना ते चुन्यासारखं दिसतं.
भोळी असतात हाडं, ठेवून घेतात,
आणि म्हातारपणी हळूहळू परत करतात.
ती नखांतलं पिवळं दुसऱ्या नखानं काढत राहिली.
मग म्हणाली, फिकट माल कोण घेतं, बाई?
तू घेशील?

अहवालात एक रकाना असतो: स्रोत.
मी लिहिलं, मसाला.
चूक नव्हतं.
पण त्या रकान्यात तो माणूस मावला नाही
ज्यानं कुठल्याशा गोदामात, दिव्याखाली,
रस्त्यावरचे पट्टे रंगवायची भुकटी फावड्यानं मिसळली;
आणि आम्हीही मावलो नाही,
पेल्यांच्या रांगेतून नेहमी सर्वांत झळझळीत पेल्याकडे
बोट दाखवणारे.

या सप्टेंबरात लामझिरा
स्वतःच्या उतारावरचा झेंडू घेऊन बसली.
मळका, जुन्या पोत्यासारखा रंग.
लोक थांबतात, वास घेतात, चिमटीत चुरतात,
आणि पलीकडच्या टेबलाकडे जातात.
मी अर्धा किलो घेतला. यंत्राखाली धरला.
यंत्र काही बोललं नाही.

रात्री रस्सा वाढला.
भावानं चमचा फिरवला, वाटीत वाकून पाहिलं.
झेंडू घालायला विसरलीस का गं?
त्यानं विचारलं.